जुना वाडा उतरवताना: बांधकाम व्यावसायिकांसाठी काही कौशल्ये

मराठवाड्यातील माळवदाचे, म्हणजे लाकडावर मातीचे जाड सपाट छत असलेले, जुने वाडे पाडताना सागवान, घडीव काळा दगड आणि पांढरी माती जेसीबीने एकाच ढिगात लोटली जाते. हे साहित्य पुन्हा वापरात आणायचे असेल, तर अभियंता, ठेकेदार व गवंडी यांनी वाडा पाडण्याऐवजी तो उतरवायला शिकले पाहिजे.

सुरुवात पाहणीने करावी. प्रत्येक तुळईची लांबी-जाडी नोंदवावी आणि भिंतीत रुतलेली तिची टोके विशेष तपासावीत, कारण ओल व वाळवी बहुधा तिथूनच शिरते. टोकावर हातोडी मारल्यावर पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज आत गेला, तर तेवढा भाग कापून उरलेली तुळई कमी गाळ्यासाठी (दोन आधारांमधल्या कमी अंतरासाठी) राखून ठेवावी.

उतरवण्याचा क्रम बांधणीच्या नेमका उलटा असतो. वीजजोड तोडून आणि तुळयांना टेकू देऊन आधी माळवदाची माती थराथराने व सर्व बाजूंनी सारखी काढावी, मग किलच (मातीखालच्या लाकडी पट्ट्या), कड्या (त्यांखालची आडवी लाकडे), तुळया आणि शेवटी भिंतीचे थर वरून खाली उतरवावेत. माती डोक्यावर असताना भिंतीला हात लावणे जिवावर बेतू शकते.

दगड पुन्हा वापरावा. जुनी बांधणी मात्र तशीच उचलू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या भिंती जड माळवदासह कोसळल्या. म्हणून भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड आणि जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वरची पातळी) व छताच्या पातळीवरील काँक्रीटचे पट्टे यांची आखणी संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावी.

काँक्रीटचा राडारोडा माती, लाकूड व जिप्समपासून वेगळा ठेवावा. काँक्रीटच्या खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस 383 याच्या 2016 च्या आवृत्तीनुसार त्याची पुनर्वापराची खडी एम 25 (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या 20 टक्क्यांपर्यंत, तर साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत वापरता येते.

सर्वांत दुर्लक्षित कौशल्य अंदाजपत्रकाचे आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पाडकामाचा एकच ठोक दर लावला, तर जपून काम करण्यात ठेकेदाराचा तोटाच होतो. म्हणून तुळई, दगड व फरशी उतरवण्याच्या बाबी स्वतंत्र लिहाव्यात, साबूत निघालेल्या नगावर मजुरी ठरवावी आणि साहित्याची किंमत मालकाच्या खात्यावर जमा दाखवावी.