संन्यासी खेकड्यांच्या टाकीचं गरम झाकण: या चुका टाळा

शंखात राहणारा संन्यासी खेकडा (हर्मिट क्रॅब) जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले सुकले की तो हळूहळू गुदमरतो. म्हणून झाकणाचं पहिलं काम ओल धरून ठेवणं, ऊब देणं दुसरं. थंड देशांतल्या सूचना जशाच्या तशा उचलल्या की हा क्रम उलटतो.

टाकीत २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ ते ८५ टक्के आर्द्रता हवी. कोकण किनाऱ्यावर हिटर लागतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्रींना. दापोलीसारख्या उंचावरच्या गावी जरा जास्त. मार्च लागला की प्लग काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळची बंद टाकी हिटरशिवायही ३२ अंशांवर जाते, आणि तिथून पुढे धोकाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हीट मॅट (हिटर म्हणून वापरायची, विजेवर तापणारी पातळ चटई) टाकीच्या बुडाला चिकटवणं. खेकडा कात टाकायला वाळूत खोल पुरून घेतो, कित्येक आठवडे तिथेच असतो. गरम झालं तर तो आणखी खाली जाणार, आणि खाली तर मॅट! वाळूही बुडातून सुकते. मॅट झाकणाच्या बाहेरच्या, वरच्या बाजूला लावा.

दोन फूट बाय एक फूट टाकीच्या झाकणासाठी ५ मिमीची टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घ्या, वजन सुमारे सव्वादोन किलो भरतं. साधी काच एका बाजूनेच तापली तर तडकू शकते. ॲक्रिलिक ओल आणि उष्णतेने वाकतं, फट पडते, आणि खेकडा रात्रीत बाहेर. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून वायरची खाच दुकानातच पाडून घ्या. १५ ते २० वॅटची मॅट एका टोकाच्या तिसऱ्या हिश्श्यावरच लावा, म्हणजे खेकड्याला गार कोपरा उरतो. मॅटवर थर्मोकोल किंवा गोधडी टाकू नका. उष्णता कोंडून मॅट करपते.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान पाहून हिटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरशिवाय, मॅट लावूच नये. एसटीसी-१००० सारखा २३० व्होल्टचा कंट्रोलर पुरतो: तापमान २६ अंशांवर लावा, चालू-बंदमधला फरक १ अंश ठेवा. प्रोब (त्याचं तापमान मोजणारं टोक) मॅटला टेकवला तर हिटर लगेच बंद होतो आणि टाकी गारच राहते. प्रोब टाकीबाहेर लोंबकळत राहिला तर उलटं होतं, कंट्रोलर बाहेरची थंडी मोजतो आणि मॅट रात्रभर तापते. प्रोब आत, वाळूच्या दोन इंच वर, सक्शन कपने पक्का बसवा. जोडीला मॅटच्या वायरमध्ये ५० अंशांना वीज तोडणारा थर्मल स्विच घाला. कंट्रोलरमधला रिले (वीज चालू-बंद करणारा भाग) चालू स्थितीत चिकटला तर तोच वाचवतो.

तापमान वाढवलं की आर्द्रता घसरते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. २० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा, नवं पाणी न मिळता, २७ अंशांवर नेली की ती सुमारे ५३ टक्क्यांवर येते. म्हणून हिटर सुरू करताना टाकीतलं शेवाळ भिजवा, वाळू दमट ठेवा. आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. ७५ दिसायला हवं. जो फरक येईल तो लक्षात ठेवा.

हवेसाठी जाळी लावायची तर तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली नको. तांबं कवचधारी प्राण्यांना विष आहे, आणि खाऱ्या हवेत मुलामा टिकतच नाही. नायलॉनची मच्छरदाणी चिमट्याने कातरली जाते. काच बोटभर सरकवून ठेवणंच बरं, पण मोठ्या खेकड्याचा शंख जाईल इतकी नको. वायरच्या खाचेत रबरी ग्रोमेट (वायरभोवतीची कडी) बसवा. सिलिकॉन वापरलात तर बुरशीरोधक, बाथरूमसाठीचं नको. साधं घ्या आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत खेकडे आत सोडू नका.

ओली टाकी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या. पाणी ओघळलं तरी तिथूनच टपकेल.

काय बिघडलंय ते काचेवरूनही कळतं. हिटर चालू असताना मॅटखालची काच कोरडी आणि गार टोकाला थेंब, हे ठीक. मॅटखालीही थेंब जमले तर मॅट बंद आहे. आधी प्रोब पाहा, मग प्लगच्या पिना, त्यांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात बुरशी दिसली तर झाकण जरा जास्त सरकवा आणि फवारणी थांबवा. जून ते सप्टेंबर बाहेरची हवा तेवढी ओल देतेच.