चोडणची खारफुटी अरबी समुद्रात

गोव्यातल्या मांडवी नदीकाठच्या खारफुटीच्या नोंदी नकाशावर मांडायला घेतल्या आणि पहिल्याच फेरीत सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात गेले. कारण लगेच सापडलं. जिओपांडास या नकाशाच्या कामासाठीच्या पायथन लायब्ररीतल्या पॉइंट्स फ्रॉम एक्सवाय या फंक्शनला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. आपण बोलताना नेमकं उलटं म्हणतो.

क्रम बदलल्यावर ठिपके गोव्याजवळ आले, पण चोडण बेटावरची तिवरं किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात! यात माझे दोन दिवस गेले. नकाशाची प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धती, बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मूळ वही उघडली. तिथे १५ अंश ३१ मिनिटं, ७३ अंश ५२ मिनिटं असं लिहिलेलं, आणि टाइप करताना त्याचं १५.३१, ७३.५२ झालेलं. खरे आकडे साधारण १५.५१७ आणि ७३.८६७. म्हणजे ठिपका सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३७ किलोमीटर पश्चिमेला सरकला होता.

उपाय सोपा: मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवायचं. मात्र फाइल वाचताना हा रकाना मजकूर म्हणूनच घ्या. संख्या म्हणून घेतला तर १५.५० चं १५.५ होतं, आणि ५० मिनिटांची ५ होतात. माझ्या चार नोंदी अशाच बिघडल्या होत्या.

आता प्रत्येक ठिपका गोव्याच्या सीमेत पडतो का, हे कोडच आधी तपासतो. बाहेर पडलेली नोंद मी पुसत नाही, वहीशी ताडून पाहतो. चिखलात उतरून कुणीतरी ती टिपलेली असते.