पर्शियन मांजरीच्या केसांतल्या गाठी

लांब केसांच्या मांजरीला गुंता झालाय म्हणून आधी आंघोळ घालू नका. पाणी लागलं की गाठ आवळते आणि वाळल्यावर घोंगडीसारखी घट्ट होते. आधी विंचरणं, मग पाणी.

गाठी वरून दिसत नाहीत. कानामागे, काखेत, पोटावर, मागच्या मांड्यांच्या आत बोटं फिरवून बघा, चिंचोक्यासारखं काहीतरी टणक लागेल. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा (सुगंधी पावडर नको, मांजर अंग चाटते आणि ती पोटात जाते). कातडीलगतचे केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग स्टीलच्या कंगव्याने टोकापासून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. आमची मनी पोटाला हात लावू देत नाही, म्हणून दुपारी ती पेंगत असताना मी पाचच मिनिटं बसते. शेपटी आपटायला लागली की थांबायचं, उरलेलं उद्या.

कात्री मात्र अजिबात नको. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. कातडीला चिकटलेली गाठ पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्या.