इस्त्री तापवण्याआधी: फ्यूजिबल ॲप्लिकची तयारी

क्विल्ट करणाऱ्याला सलग वेळ क्वचितच मिळतो. सकाळी अर्धा तास, रात्री पाऊण तास, त्यातही कोणीतरी हाक मारतं आणि टेबलावरचा पसारा उचलावा लागतो. फ्यूजिबल ॲप्लिक, म्हणजे कापडाचे आकार इस्त्रीने वितळणाऱ्या गोंदाने पार्श्वभूमीच्या कापडावर चिकटवून कडेने शिवणं, अशा तुकड्या-तुकड्यांच्या वेळातही छान होतं. फक्त कुठलं काम अर्धवट टाकून उठता येतं आणि कुठलं नाही, हे आधी माहीत हवं. म्हणून ही यादी सामानाच्या क्रमाने न लावता थांबण्याच्या जागांप्रमाणे लावली आहे.

पहिलं काम कापडाचं. सुती कापड धुऊन घ्या, पण सॉफ्टनर घालू नका. नव्या कापडावरची खळ काय किंवा सॉफ्टनर काय, दोन्हींमुळे गोंद धाग्यांना नीट धरत नाही आणि मग पाकळ्यांची टोकं उचलली जातात. गडद लाल आणि निळी कापडं वेगळी भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून घ्या. वाळल्यावर इस्त्री करताना फिकट तुकडा गडद पार्श्वभूमीवर ठेवून बघायला विसरू नका. खालचा रंग वर डोकावत असेल तर त्या तुकड्याला आतून पांढरं अस्तर लागणार, आणि ते आत्ताच ठरलेलं बरं. पार्श्वभूमीचा चौकोन मापापेक्षा मोठा कापा. शिलाईसकट 12½ इंचांचा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, हवा असेल तर 13½ इंचांचा घ्या, कारण दाट टाका घातला की कापड आक्रसतं. चौकोनाची उभी-आडवी घडी घालून इस्त्रीने हलकी खूण पाडा. आकृती मध्यावर बसवायला ती पुरते. निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनाने रेघा मारू नका. त्यावर इस्त्री फिरली की डाग पक्का होतो.

फ्यूजिबल, म्हणजे कागदावर बसवलेला इस्त्रीने चिकटणारा गोंद, निवडताना पाकिटावर फक्त भाव वाचून चालत नाही. शिवायचं असेल तर हलकं घ्या. हीट-एन-बाँड या ब्रँडमध्ये लाइट हे शिवण्यासाठी असतं आणि अल्ट्रा न शिवता नुसतं चिकटवण्यासाठी. अल्ट्रावर मशीन चालवली तर सुईला गोंद लागतो, दोरा तुटतो आणि आपण बिचाऱ्या मशीनला दोष देत बसतो. स्टीम-अ-सीम 2 ला मुळातच थोडा चिकटपणा असतो, त्यामुळे इस्त्री फिरेपर्यंत तुकडे उचलून पुन्हा लावता येतात. ज्यांचा हात सारखा बदल करतो त्यांच्यासाठी ते सोयीचं. कुठलंही घेतलं तरी घडी न घालता गुंडाळून ठेवा, घडीवर कागद आणि गोंद एकमेकांपासून सुटतात. पाकिटातला सूचनांचा कागद त्याच गुंडाळीत खोचून ठेवा, कारण प्रत्येकाची उष्णता वेगळी. हीट-एन-बाँड लाइटला वाफेशिवाय मध्यम इस्त्री लागते, तर वंडर-अंडर शेवटी बसवताना वर ओलसर कापड ठेवावं लागतं.

आता आकृत्या गिरवणं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून घाई नको. फ्यूजिबलच्या कागदावर गिरवलेली आकृती कापडावर आरशातल्यासारखी उलटी येते. फूल किंवा बदाम असेल तर फरक पडत नाही, पण डावीकडे बघणारा पक्षी उजवीकडे बघायला लागतो आणि अक्षरांची तर पूर्ण वाट लागते. म्हणून नमुन्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘उलटा केला’ किंवा ‘करायचा आहे’ असं लिहूनच पेन्सिल हातात घ्या. शाईचं पेन नको, ती इस्त्रीला लागते आणि तिथून फिकट कापडावर उतरते. जो तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकणार आहे त्याची ती कड पाव इंच वाढवून तुटक रेघेने दाखवा. प्रत्येक आकृतीवर तिचा क्रमांक आणि कापडाचा रंग लिहा. क्रमांक खालून वर द्यायचे: देठ 1, मागची पानं 2 आणि 3, सगळ्यात वरची पाकळी शेवटी. दोन आकृत्यांमध्ये अर्धा इंच जागा ठेवा.

दीड-दोन इंचांपेक्षा मोठी आकृती असेल तर आणखी एक काम, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. रेघेच्या आत पाव इंच सोडून फ्यूजिबलचा मधला भाग कापून काढा. उरलेल्या कड्यावरच्या गोंदाने तुकडा धरून राहतो आणि मधलं कापड मऊच राहतं. नाहीतर तीन थरांचं फूल पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि क्विल्टिंग करताना सुई कुरकुरते. काढलेला मधला भाग टाकू नका, छोटी पानं त्यातून निघतात. इथवर आलात की निर्धास्त उठा. गिरवलेल्या आकृत्या पाकिटात घालून कितीही दिवस ठेवता येतात.

इस्त्रीच्या बैठकीला मात्र सगळं एकदम मांडून बसा: बेकिंग पेपरचे दोन मोठे तुकडे, बोथट झाली तरी चालेल अशी एक कात्री, एक धारदार, टाचणी, आणि इस्त्रीचा तळ पुसायला जुनं सुती कापड. आकृत्या रेघेबाहेर ढोबळ कापून घ्या आणि कापडाच्या उलट बाजूवर कागद वर ठेवून दाबा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त तापवलं तर गोंद कापडात मुरून जातो आणि पुढे चिकटतच नाही, तेव्हा ‘अजून थोडी’ हा मोह टाळा. पूर्ण गार होऊ द्या आणि मग धारदार कात्रीने नेमक्या रेघेवर कापा. कात्री स्थिर ठेवून कापड वळवलं की गोलाई सलग येते. कागद अजून लागलेलाच असू दे. असे कापलेले तुकडे क्रमाने एका पाकिटात पडून राहू शकतात. ही थांबण्याची दुसरी सुरक्षित जागा.

कागद सोलला की मात्र उठायचं नाही. सोलायला कडेला नखाने खरवडत बसू नका, त्याने धागे सुटतात. आकृतीच्या मधल्या कागदावर टाचणीने अलगद एक रेघ ओढा, कापड कागदाच्या बाजूला किंचित वाकवा, रेघेवर कागद फाटतो आणि त्या फटीतून बाहेरच्या बाजूला निघत येतो. मधला भाग कापलेला असेल तर टाचणी कडेच्या पट्टीवर ओढा. नमुन्याचा मूळ, म्हणजे सुलटा कागद बेकिंग पेपरखाली ठेवा, रेघा आरपार दिसतात. त्यावर क्रमाने तुकडे रचून हलकी इस्त्री दिली की पूर्ण फूल एकसंध तयार होतं. गार झाल्यावर ते बेकिंग पेपरवरून अख्खं सुटतं आणि उचलून चौकोनावर ठेवता येतं. पंखा बंद करा, हे वेगळं सांगायला नकोच. ब्लॉकवर शेवटची पक्की इस्त्री झाली की तिसरी थांबण्याची जागा आली. तो ब्लॉक आता घडी न घालता सपाट ठेवा.

मशीनची तयारी थोडक्यात आटोपते. 75/11 किंवा 80/12 ची नवी सुई, कापड दाबून धरणारा पुढून उघडा फूट, म्हणजे कड दिसते, आणि वरच्या दोऱ्याचा ताण किंचित कमी. मागे फाडून काढता येणारा स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारा थर, लावा, नाहीतर टाका कापडाला चुण्या पाडतो. त्याच कापडांचा, तितक्याच थरांचा एक नमुना करून काजटाक्याची, म्हणजे कडेने सरळ जात मध्येमध्ये आत उडी मारणाऱ्या टाक्याची, रुंदी ठरवा आणि ते आकडे चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. पुढच्या वेळी बसाल तेव्हा ते आठवणार नाहीत. टाक्याची सरळ बाजू तुकड्याच्या कडेला लागून पार्श्वभूमीत पडली पाहिजे, आतली उडी तुकड्यात. बाहेरच्या गोलाईवर वळताना सुई पार्श्वभूमीत रुतलेली ठेवा, आतल्या गोलाईवर तुकड्यात. शिवणं मध्येच थांबलं तरी हरकत नाही, फक्त थांबताना सुई खाली रुतलेली ठेवा आणि पाकळीच्या टोकावर न थांबता सरळ कडेवर थांबा.

सगळे टाके झाले की दोऱ्यांची टोकं मागे ओढून गाठ मारा आणि स्टॅबिलायझर टाक्यांवर अंगठा दाबून धरत हळूच फाडा. ब्लॉक जाडसर टॉवेलवर पालथा ठेवून इस्त्री करा आणि मगच मध्याच्या खुणेवरून मोजून 12½ इंचांवर छाटा.