फ्रेंच राजाच्या तसबिरीतल्या लष्करी खुणा कशा वाचाव्यात

चित्राची मोठी, स्वच्छ प्रतिमा समोर घ्या आणि चेहरा सध्या बाजूला ठेवा. अठराव्या शतकातल्या राजांच्या तसबिरींत खरा मजकूर कमरेला आणि हातात असतो.

पट्टे पटकन उरकतात. खांद्यावरून तिरका आलेला निळा पट्टा सें-एस्प्री या किताबाचा. तो १५७८ मध्ये सुरू झाला आणि त्यातून दरबारातलं वरचं स्थान कळतं. लाल पट्टा सें-लुईचा, १६९३ पासूनचा, लष्करी सेवेसाठी. पांढरा शेला फ्रेंच सेनाधिकाऱ्याची खूण.

आता हातातला दंड. इथे मी फार दिवस चुकत होतो. चित्रकार इयासिंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला चौदावा लुई घ्या. हातातली काठी पाहून मी वहीत ‘सेनापतीचा दंड’ असं लिहून मोकळा झालो होतो. तो राजदंड आहे, फक्त उलटा धरलेला: लिलीच्या फुलाचं टोक खाली, मुकुटाशेजारी उशीवर टेकवलेलं. म्हणून दंडाची दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय काही लिहू नका. फ्रेंच मार्शलचा, म्हणजे सर्वोच्च सेनाधिकाऱ्याचा, दंड आखूड असतो, त्यावर निळी मखमल आणि सोनेरी लिली असतात. राजदंड लांब आणि धातूचा, एका टोकाला फूल.

कमरेच्या तलवारीनेही असाच चकवा दिला. ती ‘झ्वाय्यूज’, मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची मानलेली, राज्याभिषेकात वापरायची तलवार. झगा मागे सारून रिगोने ती मुद्दाम दाखवली आहे. तलवार दिसली की ‘युद्धवीर राजा’ म्हणून सांगणाऱ्यांचं ऐकू नका. या चित्रातली तलवार परंपरेचा हक्क सांगते, रणांगणाचा नाही.

मग रणांगण कुठे आहे? त्याच रिगोचं, त्याच वर्षीचं दुसरं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तिथे लुई चिलखतात आहे आणि मागे लढाई चालू आहे. पण तो १६९३ नंतर एकाही मोहिमेवर गेला नव्हता आणि १७०१ मध्ये त्याने त्रेसष्टी गाठली होती. नातू पाचवा फेलिपे नुकताच स्पेनच्या गादीवर आला होता, वारसायुद्ध तोंडावर होतं. चिलखत त्या घडीला हवं होतं. तेव्हा चित्राच्या सालाशेजारी राजाच्या शेवटच्या मोहिमेचं साल लिहा. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका टळतात. पूर्ण चिलखत घालून लढायची रीतही तोवर मागे पडली होती, त्यामुळे ते पाहून राजा असाच लढायला उतरे असं समजू नका.

प्रत्येक चिलखत पोकळ असतं असंही नाही. पंधरावा लुई ११ मे १७४५ रोजी फोंतनुआच्या लढाईत स्वतः हजर होता, सैन्य मात्र मोरिस द साक्सने चालवलं. चित्रकार मोरिस-कांतां द ला तूरने १७४८ मध्ये राजाला पेस्टलमध्ये (रंगीत खडूंनी) छातीवर चिलखत घालून काढलं, तेव्हा त्यामागे तीन वर्षांपूर्वीचा खरा प्रसंग होता.

सरावासाठी आंतुआन-फ्रांस्वा कालेने काढलेला सोळावा लुई घ्या. या राजाने मोहिमेवर कधी सैन्य नेलं नाही आणि पोशाख राज्याभिषेकाचा आहे. आधी कंबर पाहा, मग हात, मग साल.