डे ट्रेडिंग जमेल का ते नंतर, आधी परवडतं का ते बघा

नाशकात सातपूरला असो नाहीतर कॉलेज रोडला, चहाच्या टपरीवर कोणीतरी मोबाईलवर शेअरचा चार्ट बघत उभा असतोच, आणि ओळख निघाली की पाच मिनिटांत विचारतो, भाऊ इंट्राडे (आज घेतलेले शेअर आजच विकायचे, म्हणजेच डे ट्रेडिंग) सुरू करू का? मी म्हणतो चार्ट ठेव बाजूला, आधी कॅल्क्युलेटर काढ.

समजा तुमच्याकडे २० हजार आहेत. इंट्राडेला ब्रोकर जास्तीत जास्त ५ पट लिव्हरेज, म्हणजे तुमच्या पैशाच्या ५ पट सौदा करायची मुभा देतो (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पीक मार्जिनच्या, म्हणजे सौद्याला खात्यात किमान किती पैसे हवेत त्याच्या, नियमामुळे सप्टेंबर २०२१ पासून त्याच्यावर देताच येत नाही), म्हणजे १ लाखाचे शेअर सकाळी घेतले आणि दुपारी विकले असं धरू. बहुतेक डिस्काउंट (कमी दलालीवाले) ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये किंवा ०.०३ टक्के, जे कमी असेल ते घेतात, म्हणजे घेताना २० आणि विकताना २०. विकताना एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.०२५ टक्के, ते झाले २५. घेताना स्टॅम्प ड्युटी ३ रुपये, एक्स्चेंजचे दोन्ही बाजूचे मिळून साधारण ६, आणि ब्रोकरेज अन् एक्स्चेंज चार्जवर १८ टक्के जीएसटी, ते ८ धरा. टोटल ८२ रुपये.

८२ रुपयांचं काय एवढं, असं वाटतं ना? दिवसाला दोन सौदे आणि महिन्याला २० दिवस धरले तर महिन्याचे ३,२८० आणि वर्षाचे ३९ हजारांच्या वर! म्हणजे स्वतःचे २० हजार घेऊन बसलेला माणूस वर्षाला त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम नुसत्या चार्जेसमध्ये देतो, नफा झाला तरी आणि तोटा झाला तरी. लासलगावला कांदा नेला की भाव काहीही निघो, गाडीभाडं द्यावंच लागतं, तसंच आहे हे, फरक एवढाच की इथे तुम्ही रोज दोनदा गाडी भरताय.

आता दुसरं गणित, हे फार कमी लोक करतात. वरच्याच सौद्यात तुम्ही ५०० चा स्टॉपलॉस (एवढा तोटा झाला की सौदा आपोआप बंद) आणि ५०० चं टार्गेट (एवढा नफा झाला की बंद) लावलं. जिंकलात तर हातात ४१८ येतात, हरलात तर ५८२ जातात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५८-५९ सौदे बरोबर यायला पाहिजेत. कोणी म्हणेल टार्गेट १,००० ठेवतो, मग ३९ बरोबर आले तरी चालेल, पण टार्गेट लांब नेलं की ते लागायचं प्रमाणही पडतं, नुसतं नशिबावर सोडलं तर तिनात एकदाच लागेल. ३३ वरून ३९ वर जायचं तर तुमच्याकडे असं काय आहे जे समोरच्या अल्गोवाल्याकडे (कॉम्प्युटर प्रोग्रॅमने सौदे करणाऱ्याकडे) नाही, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. "यूट्यूबवर शिकलो" हे उत्तर धरत नाही मी.

सेबीने जुलै २०२४ मध्ये कॅश मार्केटच्या (म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या) इंट्राडेचा अभ्यास काढला होता, २०२२-२३ चे आकडे: १० पैकी ७ जण तोट्यात, वर्षाला ५०० च्या वर सौदे करणाऱ्यांत ८० टक्के, तिशीच्या आतल्यांत ७६ टक्के. आणि तोट्यातल्या लोकांनी जेवढा तोटा केला त्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम खर्चात घातली. मग काही जण म्हणतात इंट्राडे नको, ऑप्शन (ठरलेल्या भावात शेअर घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे) करू, तिथे पैसा कमी लागतो. तिथलं तर विचारूच नका, सेबीच्याच आकड्यांनुसार फ्युचर-ऑप्शन मिळून २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात आणि सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास.

नोकरीवाल्यांनी अजून एक बघायचं. मार्केट सव्वानऊला उघडतं, साडेतीनला बंद, म्हणजे नेमकी तुमची शिफ्ट. माझ्या ओळखीचा एक पोरगा अंबडला कंपनीत आहे, सौदा घेतो, तेवढ्यात सुपरवायझर समोर येतो, फोन खिशात, शॉपफ्लोअरला रेंज येते-जाते, स्टॉपलॉस टाकायचा राहिलेला, आणि सव्वातीनच्या सुमारास ब्रोकरची सिस्टिमच सौदा कापून टाकते, वर त्याचा वेगळा चार्ज. ऑर्डर घालतानाच स्टॉपलॉस सिस्टिममध्ये टाकता येत नसेल तर तुमच्यासाठी हा विषय इथेच संपला असं समजा.

एवढं करूनही खाज असेलच तर करून बघा, पण असं. आधी दोनेक महिने वहीत सौदे लिहा, वेळ, भाव, का घेतला, आणि प्रत्येकातून खर्च वजा करा, शिवाय दिसला त्याच भावात सौदा होत नाही म्हणून अजून थोडे कापा. वही प्लसमध्ये असेल तरच खरे पैसे, तेही एक-दोन शेअर, लिव्हरेज न घेता. खर्च टक्क्यात थोडा जास्त बसेल, बसू द्या, तोटा झाल्यावर आपलं डोकं कसं चालतं हे वहीत कळत नाही. अ‍ॅपमध्ये हिरवं दिसतं ते बऱ्याचदा चार्जेस कापायच्या आधीचं असतं, म्हणून संध्याकाळी मेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट (त्या दिवसाच्या सौद्यांचं आणि चार्जेसचं ब्रोकरचं बिल) उघडा, खरा आकडा तिथे असतो. त्या आकड्याची तुलना इंडेक्स फंडाशी (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या सगळ्या शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडाशी) करा, तिथे तेवढेच पैसे टाकून तुम्ही आरामात कामाला जाऊ शकता. आणि स्क्रीनशॉट दाखवून कोर्स विकणाऱ्याला पहिलं विचारा सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर काय, खात्रीशीर रिटर्न म्हणाला की उठा तिथून.

टॅक्सचं बरेच जण विसरतात. इंट्राडेचा नफा हा सट्ट्याचा धंदा म्हणून धरतात, स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, आणि पगारदाराला साधा फॉर्म सोडून आयटीआर-३ भरावा लागतो, म्हणजे सीएची फी आली, ती पण खर्चात धरा. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, फक्त पुढच्या ४ वर्षांतल्या अशाच नफ्यातून होतो, आणि तेही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.