सर्फबोर्डाला वॅक्स लावताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी. सीमाभागाची ही नावं आपल्याला लहानपणापासून पाठ. त्यात समुद्र एकट्या कारवारला, बाकी सगळा कोरडा कारभार. तरी हल्ली शनिवारी पहाटे टिळकवाडीत, शहापुरात गाड्यांच्या टपावर सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहायच्या फळ्या, बांधलेले दिसतात. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि गोव्याचे किनारे, हरमल, आश्वे, मोरजी गाठायचं. चांगलं आहे, जावा की. पण सोमवारी यातलेच निम्मे बोर्ड माझ्या दारात येऊन टेकतात आणि सगळ्यांची तक्रार एकच: "दादा, पाय घसरायलाय. बोर्डच डुप्लिकेट दिलाय काय की बघ."

बोर्ड ठीक असतो. वॅक्स, म्हणजे बोर्डावर घासायचं मेण, चुकलेलं असतं. वीस-पंचवीस हजारांचा बोर्ड घेताना महिनाभर व्हिडिओ बघणारी माणसं वॅक्सची वडी मात्र रस्त्यात चहा पिता पिता मागवतात. बोर्डाचा डेक, म्हणजे उभं राहायची वरची बाजू, ओला झाला की गुळगुळीत फरशीच. त्यावर पायाला पकड द्यायची ती या वॅक्सच्या बारीक दाण्यांनी. दाणे नसतील तर उभं राहायचा कितीही सराव करा, पाण्यातच जाणार.

"आपलं बेळगाव थंड की"

ही चूक आमच्याच गावची आहे. किनाऱ्यावरच्या पोरांना ती सुचणारसुद्धा नाही.

अनगोळचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा. हुशार, पण घाई फार. ऑनलाइन वॅक्स बघताना त्याला ट्रॉपिकल, वॉर्म, कूल, कोल्ड असे प्रकार दिसले. त्याने हिशेब केला: बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा थंड, म्हणजे आपल्याला कूल. घरच्या अंगणात वडी फिरवली तर मस्त चिकटली, बोटाला पकडही लागली. स्वारी खूश. आश्वेला पोचून बोर्ड वाळूवर ठेवला आणि पट्टे बांधून होईपर्यंत डेकवर चकाकी आली. पाण्यात पालथा झोपून हात मारायला लागला तसं वॅक्स छातीला, पोटाला, चड्डीला. दोन-तीन लाटांत मधला भाग साफ. मग बाहेर येऊन त्याने काय करावं? उरलेली अख्खी वडी त्याच्यावर घासली. पातळ होणाऱ्या वॅक्सवर आणखी तेच वॅक्स! दुपारी फोन आला तेव्हा म्हणत होता, कंपनीने फसवलं.

कंपनीने बिचारीने पाकिटावर छापलेलं असतं. वॅक्सचा प्रकार ठरतो तो पाण्याच्या तापमानावर. तुमच्या गावाच्या हवेशी त्याचा संबंध नाही. कूल वॅक्स साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस पाण्यासाठी असतं. गोवा-कारवारचं पाणी वर्षातला बहुतेक काळ २७ ते ३० अंशांच्या आसपास. आपल्याला एकच प्रकार लागतो, ट्रॉपिकल. पुष्कळ पाकिटांवर आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. ७५ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं दिसलं की घ्या, ते २४ अंश सेल्सिअसच्या वरचं. स्वस्तात मिळतंय म्हणून कूलच्या सहा वड्यांचा पॅक घेणाऱ्याला माझ्याकडे औषध नाही.

पारख सोपी आहे. किनाऱ्यावर सावलीत डेकवर अंगठा दाबून थोडा सरकवा. वॅक्स अंगठ्याबरोबर फरफटत आलं तर फार मऊ. अंगठा नुसता घसरला तर फार कडक, नाहीतर दाणेच नाहीत.

याच चुकीची दुसरी बाजूही आहे. वॅक्स बरोबर ट्रॉपिकल आणतात, पण लावतात कधी? जानेवारीत पहाटे साडेचारला, निघायच्या घाईत. तेव्हा बेळगावात १४-१५ अंश. ट्रॉपिकल वॅक्स अशा थंडीत दगड होतं. वडी डेकवरून नुसती सरकते, काही लागत नाही. मग पठ्ठे जोर लावतात, गुडघा टेकवून घासतात, एकाने तर वडी गॅसवर धरली. त्याने दाणे येत नाहीत, सपाट थर बसतो, आणि सपाट थर म्हणजे पुन्हा फरशीच.

माझी सवय सांगतो. बेस कोट, म्हणजे खालचा थर, आदल्या दिवशी दुपारी घरात लावतो, खिडकी बंद, पंखा बंद. टॉप कोट, म्हणजे वरचा थर, कधीच घरी लावत नाही, तो किनाऱ्यावर, सावलीत, पाण्यात शिरण्याआधी. बेस कोट म्हणून वेगळी कडक वडी मिळते. नाही मिळाली तर अडत नाही, आपल्या गरम पाण्यात ट्रॉपिकलच खालीवर दोन्हीकडे चालतं.

बेस लावताना हात हलका. पुन्हा सांगतो, हलका. वडीचा कोपरा धरून छोटे छोटे गोल फिरवायचे, वजन टाकायचं नाही. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि इथेच पोरांचा धीर सुटतो. पण फिरवत राहिलात की उजेडात तिरकं बघितल्यावर बारीक दाणे दिसायला लागतात, मग त्या दाण्यांवरच वॅक्स धरत जातं. पुरा झालेला बेस आपल्या कुंद्यासारखा दिसला पाहिजे, मोकळा आणि दाणेदार. नव्या बोर्डाला याला वीस मिनिटं सहज लागतात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने बोर्ड भाड्याने घ्यावा, तिथली पोरं लावून देतात.

कुठे लावायचं? जिथे पाय, गुडघे आणि छाती येते तिथे. शॉर्टबोर्ड (आखूड बोर्ड) असेल तर टेलपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, पुढच्या पायाच्या थोडं पुढेपर्यंत. लाँगबोर्डवर (लांब बोर्डावर) चालत पुढे जाणार असाल तर नोजपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत. उठताना हात जिथे रेल, म्हणजे बोर्डाची कड, पकडतात, तिथे वडी थोडी जास्त फिरवा.

मेणबत्ती, गाडीचं पॉलिश आणि इतर जुगाड

"वॅक्स म्हणजे वॅक्स की!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. खडेबाजारात मेणबत्ती दहा रुपयाला मिळते म्हणून ती घासणारे आहेत. एका शहाण्याने तर ऑटोमोबाइलच्या दुकानातून गाडीचं वॅक्स पॉलिश आणून फडक्याने डेक चकाचक केला. अरे, ते बनवलंय पाणी आणि धूळ टिकू नये म्हणून! त्याचा बोर्ड दिसत इतका सुंदर होता की फोटो काढावा. उभं राहायचं मात्र नाव नको. तो थर काढायला साबणाने चार वेळा धुवावं लागलं.

यावर वाद घालणारेही भेटतात. १९३५ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात आल्फ्रेड गॅलंट नावाच्या पोराने घरच्या फरशीचं मेण बोर्डाला लावून बघितलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. त्याच्या आधी लोक ओल्या वॉर्निशवर वाळू टाकायचे म्हणे. मग गॅलंटला चाललं ते आम्हाला का नाही? कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, तुमच्याकडे आहे. नुसतं पॅराफिन कडक आणि गुळगुळीत असतं. आजच्या वडीत मधमाशीचं मेण, राळ, मऊ करणारे पदार्थ मिसळून चिकटपणा आणलेला असतो, तोही पाण्याच्या तापमानाप्रमाणे मोजून. पैसे त्याचेच देतो आपण.

आणि हो, डोक्याला खोबरेल चोपडून, हाताला तेलकट सनस्क्रीन फासून बोर्डावर हात ठेवायचा नाही. आधी हातपाय वाळूने कोरडे चोळा, मग बोर्ड उचला.

ऊन

बोर्डाचा खरा वैरी कोण विचाराल तर मी दगडाचं नाव घेणार नाही, बंद गाडीचं घेईन.

मे महिना, मोरजी. खानापूरकडची चौघं, सकाळी छान लाटा खेळून झाल्या. बोर्ड गाडीत, मागची सीट पाडून, डेक वर. काचा बंद, कारण चोरीची भीती. आणि मंडळी फिश थाळीला. थाळीबरोबर सोलकढी, सोलकढीबरोबर गप्पा. दोन तासांनी दार उघडलं तर वॅक्स वितळून रेलवरून सीटवर, सीटवरून मॅटवर ओघळलेलं. ते निघालं असतं. पण डेकवर टेलच्या बाजूला तळहाताएवढा फुगा आला होता. आतला फोम गरम झाला, हवा फुगली आणि वरचा थर फोमपासून सुटला. एपॉक्सी बोर्डाच्या कडक थराच्या आत थर्मोकोलसारखा फोम असतो, तो तापला की असं होतं. पायाखाली त्या जागी मऊ लागलं की समजायचं, बोर्ड गेला दुरुस्तीला. सांगलीच्या पाहुण्याचा बोर्ड होता तो, उसना आणलेला. पुढचं सांगत नाही.

तेव्हा बोर्ड टपावर. डेक खाली, फिन (बोर्डाच्या खालच्या बाजूचे पंख) वर आणि पुढच्या बाजूला. वर जुनी चादर नाहीतर चंदेरी कव्हर. कणकुंबीला चहाला थांबलात तरी गाडी झाडाखाली लावा. किनाऱ्यावर बोर्ड वाळूत डेक वर करून सोडायचा नाही, उलटा ठेवायचा आणि तोही सावलीत. वडी डॅशबोर्डवर ठेवणाऱ्यांनी डॅशबोर्ड धुवायची तयारी ठेवावी.

जुन्यावर नवं, नव्यावर जुनं

वाळू घुसलेल्या, काळपट पडलेल्या वॅक्सवर नवी वडी फिरवायची नाही. ती वाळू पॉलिश पेपरचं काम करते, पोट सोलून निघतं आणि लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. दाणे नुसते दबले असतील तर वॅक्सच्या कंगव्याने तिरक्या आडव्या रेघा मारा, वरून थोडं टॉप कोट, झालं. रंग गेला, खपल्या निघायला लागल्या, तर सगळं काढून पहिल्यापासून.

काढायला पेट्रोल, थिनर, इस्त्री यातलं काहीही नको. फायबरला चीर असेल आणि पेट्रोल आत गेलं तर थर्मोकोलवालं फोम विरघळतं, आत खड्डा पडतो. सॉफ्टटॉपला, म्हणजे मऊ फोमच्या डेकवाल्या बोर्डाला, तर थिनर लावूच नका. सोपा रस्ता: सकाळच्या उन्हात पाच-दहा मिनिटं बोर्ड ठेवा, वॅक्स मऊ झालं की सावलीत आणून कंगव्याच्या सरळ धारेने नाहीतर जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. राहिलेलं सुती फडक्यावर खोबरेल घेऊन पुसा आणि मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. हा साबण विसरू नका. तेल राहिलं तर नवा बेस धरतच नाही आणि मग पुन्हा माझ्याकडे फोन. खरवडलेलं वॅक्स कागदात गुंडाळून कचऱ्यात, अंगणात नको, मांजरांच्या पायाला लागतं.

बाकी किरकोळ: बोर्डाच्या खालच्या बाजूला वॅक्स नाही. ट्रॅक्शन पॅडवर (मागच्या पायाखाली चिकटवलेल्या खरबरीत पट्टीवर) नाही. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) अडकवायच्या खोबणीत नाही. सॉफ्टटॉपला गरज नाही असं विकणारा सांगतो. पाय घसरत असेल तर खुशाल लावा.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, बोर्ड घरात. तो ठेवण्याआधी वॅक्स पूर्ण काढा, नाहीतर चार महिन्यांत त्यावर धूळ, केस आणि बेळगावच्या ओलीने बुरशी बसते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, पाऊस उघडला की तिथे भट्टी होते. पलंगाखाली, चादरीत गुंडाळून, आडवा. वड्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतील तर डब्यावर नाव लिहा. नारळाचा वास असतो त्यांना, आणि आमच्या शेजारच्या आजी त्यातली एक बर्फी म्हणून चाखून बसल्या.